टॅरिफचे मूळगाव

ही हकीकत मी आजवर टाळत आलो. बंदरावरच्या नोकरीच्या गोष्टी मी पुष्कळ सांगितल्या आहेत. नातवंडांना सांगितल्या, ओट्यावर बसणाऱ्या मंडळींना सांगितल्या, दोन-चार लिहूनही काढल्या. पण फारसीच्या मुनशींचा विषय निघाला की मी बोलणे दुसरीकडे वळवायचो. कुणी नेट धरून विचारलेच, तर ‘ते रत्नागिरी सोडून दाभोळला गेले’ एवढेच सांगायचो. त्यात खोटे काही नव्हते. ते का गेले हे मात्र मी कधी सांगितले नाही. त्या वेळी कचेरीच्या खोलीत जे बोलणे झाले, ते ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो आहे. मी गेलो की मुनशींबद्दल रत्नागिरीत जे बोलले गेले तेच खरे म्हणून राहील. म्हणून लिहायला बसलो.

सन तीसच्या आगेमागे मी रत्नागिरीच्या कस्टम कचेरीत कारकून झालो. जुनी माणसे त्या कचेरीला फुरजा म्हणत. ‘फुरज्यावर गेला होतास काय,’ असे विचारत. त्या नोकरीने मला पहिली गोष्ट शिकवली ती संशय. काथ्याचा गठ्ठा दिसला की आधी हाताने दाबून बघायचा. मचव्यावरचा माणूस उगीच हसला की तो का हसला ते मनात धरून ठेवायचे. कुणी आपणहून जवळ येऊन गप्पा मारू लागला तर त्याच्या खांद्यावरून पलीकडे काय चालले आहे ते पाहायचे. ही सवय कचेरीत राहिली नाही, घरी आली. आईने बाजारातून मीठ आणले तरी पुडीकडे माझी नजर जाई. आई म्हणायची, ‘ह्यानं घरातसुद्धा फुरजा मांडलाय.’

मुनशी हायस्कुलात फारसी शिकवत. मूळचे दाभोळचे, दर्यावर्दी घराण्यातले. लहानपणी वडिलांबरोबर गलबतावरून बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले, त्यामुळे अरबी त्यांना पुस्तकातली नव्हे, बोलण्यातली येत असे. काळा लांब कोट, तुर्की टोपी, आणि बोलताना समोरच्याच्या मनगटावर हात ठेवायची सवय. पावसाळा संपून दर्या मोकळा झाला की बसऱ्याकडचे खजुराचे बगले, म्हणजे मोठी अरबी गलबते, आपल्या किनाऱ्याला येत, आणि परतताना कौले, वासे, नारळ भरून नेत. असे बगले लागले की कचेरीचा शिपाई शाळेकडे जाई आणि मुनशी शाळा सुटल्यावर तसेच धक्क्यावर येत. याचा त्यांना काही मुशाहिरा नव्हता.

त्यांचे काम होते पुकारीचे. हा आमच्या बंदराचा जुना रिवाज होता. बगल्याच्या मुख्याला, म्हणजे नाखव्याला, आमचा कागद वाचता येत नाही म्हणून माल उतरण्याआधी कारकुनाने धक्क्यावर उभे राहून कोणत्या जिनसेला काय दर ते मोठ्याने वाचायचे. दुभाष्याने ते अरबीत सांगायचे. नाखव्याने छातीला हात लावून ‘समजले’ म्हटले की मगच फळ्या उघडायच्या. मी ज्या कागदावरून वाचायचो त्याच्या माथ्यावर इंग्रजीत ‘टॅरिफ’ असे छापलेले असे.

त्या सुमारास आमच्या गावात शब्दांच्या झाडलोटीचे वारे होते. मराठीत घुसलेले परके शब्द काढून टाकायचे, त्यांच्या जागी आपले घालायचे. आम्ही काही तरुण वाचनालयात जमत असू. माझ्याकडे बंदरावरच्या शब्दांचे काम आले. मी शब्द लिहून काढले, पण त्यांतले परके कोणते आणि आपले कोणते हे मला धड कळेना. तेव्हा मी मुनशींनाच विचारायला गेलो. आज विचार करताना मला याचे हसू येते. ज्यांच्या भाषेला घराबाहेर काढायचे, त्यांनाच जाऊन विचारायचे की तुमची माणसे कोणती ते जरा ओळखून द्या.

मुनशींनी माझा कागद घेतला आणि मजेत वाचू लागले. जहाज काढ, म्हणाले. वजन काढ. तराजू, नमुना, हिशेब, सगळे काढ. फुरजा तर काढच. जकातीपाशी ते थांबले. ‘आमच्यात जकात म्हणजे गरिबाचा हक्क,’ ते म्हणाले. ‘तो तुम्ही नेऊन सरकारला दिलात, हे मात्र बरं नाही केलंत.’

मी म्हटले, ‘मुनशी मास्तर, मग माझ्या कचेरीत राहिलं काय?’

‘खुर्ची म्हणू नकोस, तीही आमचीच,’ ते म्हणाले. ‘मीठ तेवढं तुझं आहे. पण तेही सरकारनं घेतलंय.’

तेव्हा मिठाचा सत्याग्रह ताजा होता. मी हसलो, पण मनातून मला ते लागले. वाचनालयातल्या मंडळींत दुसऱ्या दिवशी ही गोष्ट पसरली. ती सांगितली मुनशींनीच, माझा अपमान करायचा म्हणून नाही, त्यांना विनोद आवडला म्हणून. काही दिवस मित्र मला ‘काय मीठवाले’ म्हणत.

यावर मी विचार केला की म्हाताऱ्याला एकदा तरी अडवायचे. इंग्रजी शब्दावर त्यांचा हक्क कुठून असणार? म्हणून एका संध्याकाळी पुकार संपल्यावर मी त्यांना तो कागद दाखवला आणि म्हटले, हा माथ्यावरचा शब्द तरी तुमचा नाही ना.

मुनशींनी कागद डोळ्यांजवळ नेला. ‘हा तर आमचाच की रे,’ ते म्हणाले. ‘बराच फिरून आलाय, म्हणून ओळखू येत नाही.’

मग त्यांनी धक्क्यावरच बसून समजावले. अरबीत ‘अरफ’ म्हणजे जाणणे, ओळखणे. त्यावरून ‘तअरीफ’, म्हणजे जाणवून देणे, ओळख करून देणे, जाहीर करणे. कोणत्या मालाला काय द्यावे लागेल ते बंदरावर व्यापाऱ्याला जाणवून द्यायचे, ते तअरीफ. अरबांशी व्यापार करणाऱ्या इटलीच्या दर्यावर्दींनी तो शब्द उचलला, त्यांच्याकडून फ्रान्सात गेला, तिथून इंग्रजांकडे. इकडे आपल्याकडे तो जमिनीवरून आला, फारसी-हिंदुस्थानीतून, आणि त्याची ‘तारीफ’ झाली. एखाद्या माणसाची ओळख करून देताना आपण त्याचे चांगलेच सांगतो, म्हणून ती स्तुती. ‘एकाच आईचे दोन मुलगे,’ मुनशी म्हणाले. ‘एक विलायतेला जाऊन सरकारी नोकर झाला, एक इथं राहून भाट झाला.’

मला यातले काही पटले नाही. मला वाटले, हा माणूस जे दिसेल त्याच्यावर आपल्या घराण्याचा शिक्का मारतो. मी आमच्या साहेबांना विचारले. आमचे साहेब देशावरचे, पुण्यात शिकलेले, इंग्रजी चांगले. त्यांनी सांगितले की स्पेनच्या टोकाला तारिफा नावाचे एक बंदर आहे. तिथले चाचे येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून पैसे उकळत, त्या गावावरून हा शब्द पडला. मला हे फार आवडले. चाचे, बंदर, वसुली, सगळे जुळत होते, आणि अरबांचा संबंध नव्हता. पुढच्या भेटीत मी ते मुनशींना ऐकवले. ते इतके हसले की त्यांची टोपी घसरली. म्हणाले, ‘आणि त्या गावाला नाव कुणाचं? स्पेनवर पहिल्यांदा उतरलेल्या आमच्याच एका सरदाराचं. तू पुढच्या दारानं पळतोस, तर आमचा माणूस मागच्या दारी बसलेला.’

शेवटी मी वाचनालयातला मोठा इंग्रजी कोश उघडला. मुनशी चुकले हे बघायलाच उघडला होता. कोशात त्यांनी सांगितले होते तेच होते: अरबी, मग इटालियन, मग फ्रेंच. स्पेनच्या बंदराची कथा लोकांनी मागाहून रचलेली, असेही होते. कोश मिटताना मला पटायला हवे होते. पण मला वाटले, हा कोश करणाऱ्यांतही एखादा मुनशी बसला असणार. माझ्या तेव्हाच्या मनाची ही अवस्था होती. खरे ठरलेल्या गोष्टीनेही माझा संशय कमी होत नसे, तो नवी जागा शोधी.

ती जागा मला पुकारीत सापडली. मी एक ओळ वाचायचो आणि थांबायचो. मुनशी बोलू लागत ते बोलतच राहत. नाखवा मध्येच काही विचारी, मुनशी उत्तर देत, दोघे मान हलवत, कधी हसत, कधी आकाशाकडे बोट करत. माझ्या कागदावर खजुराचा दर एका ओळीत मावे. अरबीत त्याला इतके शब्द का लागावेत? हे आधी माझ्या लक्षात आले नव्हते असे नाही. पण आता मी कान देऊन ऐकू लागलो. एक अक्षर कळत नसताना ऐकणाऱ्याला जे ऐकू येते ते त्याच्या मनातलेच असते. मला नाखव्याच्या हसण्यात खूण दिसू लागली. मुनशींनी मनगटावर हात ठेवला की त्यातून काहीतरी दिले-घेतले असे वाटू लागले. नाखवा त्यांना खजुराची लहान करंडी देई आणि ती मुनशी दुसऱ्या दिवशी वर्गात वाटून टाकत. ती वाटतात हेदेखील मला संशयास्पद वाटले. इतका उघडपणा कशाला दाखवतात?

मी एकदा विचारलेही. म्हटले, ‘मुनशी मास्तर, मी दोन शब्द देतो, त्याचे तुम्ही वीस करता.’

ते म्हणाले, ‘अरे, रिकाम्या तोंडानं दर कसा सांगायचा?’ आणि पुढे चालू लागले. मी अर्थ विचारला नाही. उत्तर टाळले, एवढे मनात नोंदवून ठेवले.

त्या वर्षी चांदीवरचा कर वाढला होता, आणि चोरून उतरवलेल्या चांदीच्या गोष्टी किनाऱ्यावर ऐकू येत होत्या. आमच्या कचेरीला खबर होती की अमुक एका बगल्याची नीट झडती घ्यावी. झडती घेतली. खजूर उपसला, फळ्या काढल्या, काही निघाले नाही. आणि थोड्याच दिवसांत बंदराच्या दक्षिणेला खाडीच्या तोंडाशी वाळूत पुरलेल्या चांदीच्या लगडी कुणाला तरी सापडल्या. साहेबांवर वरून ठपका आला. झडतीची बातमी आधीच फुटली, आधीच्या एखाद्या बगल्याने ती पुढे पोचवली आणि माल बाहेरच्या बाहेर उतरला, असा सगळ्यांनी अर्थ काढला.

साहेबांनी मला आत बोलावून दार लावले. बातमी कुणी फोडली असेल, असे विचारले. त्यांनी मला धमकावले नाही. माझ्यावर त्यांचा आळही नव्हता. मला ‘ठाऊक नाही’ म्हणता आले असते, आणि तेच खरे होते. मी म्हणालो, ‘साहेब, मुनशी मी सांगतो त्यापेक्षा जास्त बोलतात. जास्तीचं काय असतं ते मला कळत नाही.’

साहेबांनी टेबलावरचा ठपक्याचा कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाले, ‘झडतीच्या आदल्या पुकारीलाही?’

मी म्हटले, ‘त्या दिवशी तर फारच.’

हे शेवटचे वाक्य मी वजन यावे म्हणून घातले. त्या दिवशी ते नेहमीइतकेच बोलले होते.

पुढे जे झाले त्याला चौकशी म्हणता येणार नाही. मुनशींना कुणी काही विचारले नाही. शिपायाला एवढेच सांगितले गेले की यापुढे शाळेकडे जाऊ नकोस. साहेब आपल्या बरोबरीच्या मंडळींत बसत. तिथे ते काय बोलले मला माहीत नाही, पण आठवड्यात बाजारपेठेतही कुजबुज सुरू झाली. फारसीच्या वर्गात आधीच मुले कमी होती. काही पालकांनी आपली मुले काढून संस्कृताला घातली. वर्ष संपताना शाळेच्या चालकांनी मुनशींना कळवले की वर्ग चालवण्याइतकी मुले नाहीत. पेन्शनीला थोडीच वर्षे उरली होती. ते सामान घेऊन बोटीने दाभोळला गेले. निरोपाला मी गेलो नाही.

आमचा शिपाई मुनशींना फार मानत असे. मुनशी गावात होते तेव्हाच त्याने मला एकदा हळूच विचारले, ‘भाऊ, त्या दिवशी आत काय झालं?’ मी म्हणालो, ‘मी पुष्कळ सांगितलं रे साहेबांना, पण ते ऐकतात थोडेच.’ पहिल्या खोट्याला साहेबांचा प्रश्न तरी कारण होता. हे दुसरे मी आपणहून बोललो.

पुढच्या हंगामाला मुंबईहून पगारी दुभाषी आला. तरुण, चटपटीत, सिगारेट ओढणारा. पहिले बगले लागले तेव्हा मी सरसावून उभा राहिलो. एक ओळ वाचली. दुभाषी बोलू लागला आणि थांबेचना. नाखवा बोलला, हा बोलला, दोघांनी माना हलवल्या, दोघांनी आकाशाकडे पाहिले. मी मनात मुनशींचे बोलणे शेजारी ठेवून पाहिले. हा त्यांच्याहून जास्तच वेळ घेत होता. संपल्यावर मी त्याला विचारले, एवढे काय बोललास?

त्याला माझ्या प्रश्नाचे नवल वाटले. ‘विचारपूस,’ तो म्हणाला. ‘प्रवास कसा झाला, वारा कसा मिळाला, घरची मंडळी कशी आहेत, भाऊ कुठे असतो, तिकडे पाऊस पडला का. एक विचारलं की तो दुप्पट सांगणार, मग तो मला विचारणार. हे सगळं झाल्यावर दर. आल्या आल्या पैशाचं बोललं तर त्याला वाटेल, ह्यानं मला चोर समजलं.’ मग म्हणाला, ‘तुमचा आधीचा माणूस काय नुसते दर सांगायचा?’

मी कागदाची घडी करून खिशात घातली. घरी जाऊन जेवलो नाही. आमच्याकडेसुद्धा दारी आलेल्या माणसाला आधी गूळपाणी देतात, काम मागाहून विचारतात. वडिलांकडे कुळे आली की आंब्याचे, भाताचे, सगळ्या गावाचे बोलून झाल्यावर जाता जाता मूळ विषय निघे. हे माझ्या डोळ्यांसमोर रोज होत होते. पण एकदा कागद हातात धरला की त्यावर जेवढे छापले आहे तेवढेच माणसाच्या तोंडून निघाले पाहिजे, असे मला वाटू लागले होते.

चांदीचेही पुढे उलगडले. ती बगल्यातून आलीच नव्हती. दक्षिणेकडून आलेल्या इथल्याच एका मचव्यातून उतरली होती, आणि मचवेवाला दुसऱ्या प्रकरणात सापडला तेव्हा त्याने तेही कबूल केले. कचेरीत ही गोष्ट सगळ्यांना कळली. मुनशींना कळवावे असे कुणाला सुचले नाही. साहेबांची तोवर बदली झाली होती. मी कळवू शकत होतो. मी म्हटले, अशा गोष्टी चिठ्ठीने सांगू नयेत, समक्ष जाऊ. मग पावसाळा लागला आणि बोटी बंद झाल्या, म्हणून बरे वाटले.

बोटी सुरू झाल्यावर मात्र मी निघालो. वाटेत जयगड गेले, आणि मी वाक्य मनात घोळवत होतो. दाभोळला उतरून विचारत विचारत खाडीकाठच्या घरापाशी गेलो. मुनशी पडवीत बसले होते. बारीक झाले होते. डोक्यावर तुर्की टोपीऐवजी साधी विणलेली टोपी होती. मला पाहताच उठले आणि माझे मनगट धरून आत नेले. आपल्या घरचे मी काय खाईन, काय नाही, याचा विचार करून त्यांनी झाडावरून शहाळी उतरवून घेतली आणि माझ्यासमोर सोलवली. शेजारच्या हिंदू घरातून चहा करून मागवला.

पडवीत त्यांचे व्याही आणि गावातले आणखी एक गृहस्थ बसलेले होते. मुनशींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना सांगितले, ‘मी म्हणत होतो तो हाच. सगळी कचेरी माझ्यावर उलटली तेव्हा साहेबांपुढे माझ्यासाठी उभा राहिलेला हाच एकटा. मला कचेरीच्या शिपायानं सांगितलं हो, मी निघालो त्या दिवशी.’ ते गृहस्थ उठले आणि त्यांनी दोन्ही हातांत माझा हात घेतला.

आजही मला शंका येते, की मुनशींना सगळे ठाऊक होते. मला बोलायची वेळ येऊ नये म्हणून त्यांनी तसे म्हटले असेल, किंवा मी बोलतो का ते त्यांना पाहायचे असेल. शिपायाने त्यांना खरे काय सांगितले हे मी पुढे त्याला विचारू शकलो असतो, पण विचारले नाही. आणि कधी वाटते, काही ठाऊक नव्हते, त्यांनी ऐकले तेच मानले, जसे सरळ माणसे मानतात. मला या दोहोंतले एक निवडता आलेले नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे मी नीट पाहिलेच नव्हते. मी शहाळ्यात पाहत होतो.

चांदीचे मी सांगितले. ते म्हणाले, ‘बरं झालं, मिटलं एकदाचं,’ आणि माझ्या आईची तब्येत विचारली. मला चार तास मिळाले होते. व्याही मधे एकदा नमाजाला उठून गेले, तेव्हा आम्ही दोघेच होतो. मुनशी खाडीकडे पाहत बसले होते. मी घसा साफ केला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, ‘बोटीची वेळ झाली असेल.’

ते मला धक्क्यापर्यंत पोहोचवायला आले. दुसऱ्या वर्षी जायचे ठरवले होते, त्याआधीच ते वारल्याचे कळले. बोटीत घोळवलेले वाक्य लांबलचक नव्हते. ‘मुनशी मास्तर, साहेबांना तुमचं नाव मी सांगितलं, आणि ते खोटं होतं, मला माफ करा.’